जॅझ ऐकायला बसतोय, पण सम सापडत नाही : सुरुवात कुठून करायची?

खानापूर_पेटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर-बेळगावकडच्या आम्ही सहा जणांनी दर रविवारी सकाळी दीड तास एकत्र बसून जॅझ ऐकायचं ठरवलंय. दोघं पेटीवाले, एक तबलजी, एक गाणारी. पाचवा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो आणि स्टाफ नोटेशन वाचतो. सहावे इतिहासाचे मास्तर, त्यांना स्वरांपेक्षा माणसं आणि काळ कळायला हवा.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या 1959 च्या एलपीमधल्या 'सो व्हॉट'पासून सुरुवात केली. अडचण पहिली : तीनताल (16 मात्रांचा) धरला तर चार आवर्तनं नीट जमतात, मग गाडी कुठे जाते कळत नाही. दुसरी : पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) तानपुरा लावला तर आधी गोड जुळतो आणि मध्येच इतका बोचतो की बंद करावा लागतो. तिसरी : इतिहास 1900 पासून पुढे यायचा की 1959 पासून मागे जायचा? जुन्या तबकड्यांत खरखरच जास्त ऐकू येते. चौथी : "जॅझ म्हणजे त्यांचा राग" असं जो तो सांगतो. ते खरं मानून ऐकावं का?

नुसती नावांची यादी नको. कसं ऐकायचं ते कुणी सविस्तर सांगितलं तर उपकार होतील.

शहापूर_तबला

ताई, पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्या प्रश्नातच आलंय : चार आवर्तनं.

'सो व्हॉट' 32 बारांचं आहे. एका बारात 4 मात्रा, म्हणजे 128 मात्रा, म्हणजे बरोबर 8 तीनताल. आठ-आठ बारांचे चार तुकडे : अ, अ, ब, अ. पहिल्या दोन 'अ'मध्ये सा पांढरी दोनवर असतो आणि स्वर आपल्या काफी थाटाचे (ग आणि नि कोमल). हे 16 बार, म्हणजे तुमची चार आवर्तनं. त्यानंतर 'ब' सुरू झाला की अख्खा काफी थाट उचलून काळी दोनवर जातो. स्वर तेच, सा अर्ध्या स्वराने वर. दोन तीनताल तिथे राहून पुन्हा पांढरी दोनवर येतो. तानपुरा मात्र बिचारा पहिल्याच सा ला धरून बसलेला असतो, म्हणून बोचतो. तेव्हा तानपुरा बंदच ठेवा, जॅझमध्ये सा मुक्कामाला नसतो.

आता नेमकं कुठे चुकतं ते बघा. आवर्तनाच्या शेवटी एक 'अ' आणि पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीला दोन 'अ', असे लागोपाठ तीन 'अ' येतात. सहा तीनताल एकाच सा वर गेल्यावर मोजणारा हमखास घसरतो. त्यामुळे सम आवर्तनाच्या सुरुवातीला शोधू नका. काळी दोनवर उडी पडते ती खूण पक्की धरा. उडीपासून दोन तीनताल झाले की सा परत येतो, आणखी दोन झाले की नव्या आवर्तनाची सम. चार-पाचदा ऐकलं की ती उडी आधीच जाणवायला लागते, तिहाई येणार हे कळतं तसं.

सुरुवातीचा बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि पियानोचा साधारण अर्ध्या मिनिटाचा भाग मुक्त आहे, तो मोजू नका. बास प्रश्न टाकतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात, तिथून मोजणी. मग माइल्सची दोन आवर्तनं, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेनची दोन आणि कॅननबॉल अॅडर्लीची दोन, बिल एव्हान्सचं पियानोवर एक. एक आवर्तन मिनिटाला थोडं कमी. वहीत रेघा मारत ऐका. आवर्तनाला जॅझवाले 'कोरस' म्हणतात, त्याचा समूहगानाशी संबंध नाही. हे माहीत नसलं तर लेख वाचताना फार घोटाळा होतो.

खरं तर पहिला धडा 'सो व्हॉट' नव्हेच, 12 बारांचा ब्लूज. 48 मात्रा, म्हणजे तीन तीनताल. पेटीवर पांढरी एकचा सा धरून असा वाजवा :

पहिले 4 बार : सा ग प आणि कोमल नि, एकत्र दाबून.
पुढचे 2 बार : म ध सा आणि कोमल ग.
2 बार पुन्हा पहिला गुच्छ.
नववा बार : प नि रे म. दहावा : परत मध्यमाचा गुच्छ.
शेवटचे 2 बार : सा चा गुच्छ.

एकाने हे धरायचं, दुसऱ्याने वर काहीही वाजवायचं. आपली पहिली चूक ठरलेली : कोमल ग आणि शुद्ध ग एकत्र आले की आपला हात थबकतो, कारण राग बिघडला असं वाटतं. ब्लूजचा ग या दोघांच्या मधे कुठेतरी गायचा असतो. पेटीवर तो मिळत नाही, म्हणून कोमल ग चा कण देऊन शुद्ध ग वर या. पियानोवालेही तेच करतात. तुमच्या गाणाऱ्या ताईंना ही अडचण येणार नाही, त्यांनी मींडेने, म्हणजे स्वर घसरवत, घ्यावा.

टाळ्यांचंही सांगतो. आपण भजनात 1 आणि 3 वर वाजवतो. इथे ड्रमवाला पायाने हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, मिटतो तो 2 आणि 4 वर. टाळी तिथे द्या. आपल्या तालातली 'खाली' वगैरे काही नाही. आणि 'स्विंग' म्हणतात ते मध्य लयीत साधारण तिस्र अंगाने चालतं : मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडून एक लांब, तिसरा आखूड. लय चढली की हे अंतर मिटत मिटत सरळ होतं. म्हणून द्रुत गत ऐकून "यात स्विंग कुठे आहे" असं विचारू नका, तो तिथे आघाताच्या वजनात असतो.

शेवटचं, मोबाइलचा स्पीकर. उभ्या बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची. ती मोबाइलमधून येतच नाही, आणि बासच सा कुठे आहे ते सांगत असतो. निम्मी अडचण तिथेच आहे बघा. मोठा स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, बास भरून येतो. हेडफोनची एकेक बोंडी दोघांत वाटून ऐकू नका. त्या काळच्या स्टीरिओत वाद्यं डावी-उजवी पार वेगळी ठेवलेली असतात, दोन सॅक्सोफोनपैकी एक तुमच्यापुरता नाहीसा होईल.

खानापूर_पेटी

उडीची खूण धरून लगेच बघितलं, सापडली! तीन 'अ'वरच घसरत होतो. पण एक शंका : जुन्या एलपीवरून भरलेल्या कॅसेटबरोबर पेटी लावली तर पेटी उतरलेली वाटते, नव्या फाइलबरोबर बरोबर येते. पेटीत दोष की कॅसेटमध्ये?

टिळकवाडी_तबकडी

पेटी ठीक आहे. 2 मार्च 1959 ला ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र जरा हळू चाललं होतं, त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की स्वर थोडा चढा येतो. एलपीच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती बरोबर आहे. 1990 नंतरच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त केलं. एकाच एलपीच्या दोन बाजूंना पेटी वेगवेगळी लागते असं वाटलं तर कारण हे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पुढून की मागून, यापेक्षा महत्त्वाचं हे की प्रत्येक तबकडी कोणत्या यंत्रावर भरली ते आधी बघायचं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवरून त्यांची रात्रभराची मैफल मोजता येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना पटतं. जॅझला मात्र लोक तो न्याय लावत नाहीत.

1925 पर्यंत ध्वनिमुद्रणात माइक नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. मोठा ढोल वाजला तर सुई उडायची, म्हणून ड्रमवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागे. किंग ऑलिव्हरच्या बँडने 1923 मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वाजवलं, त्यात ढोल जवळजवळ ऐकू येत नाही. यावरून "तेव्हा ताल कच्चा होता" असा निष्कर्ष काढणारे लेख वाचायला मिळतात, तो चुकीचा आहे. त्याच बँडात तरुण लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवत होता, आणि त्याचा आवाज इतका भारी की त्याला कर्ण्यापासून लांब उभं केलं होतं, असं सांगतात.

1925 मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. म्हणून कानाला सोपी सुरुवात हवी असेल तर 28 जून 1928 चं 'वेस्ट एंड ब्लूज' घ्या. रचना किंग ऑलिव्हरची, वाजवणारे आर्मस्ट्राँग आणि त्याचा हॉट फाइव्ह हा बँड. सव्वातीन मिनिटांची ही तबकडी एका रविवारी फक्त ती एकच ऐका, दहा वेळा.

सुरुवातीला ट्रम्पेट एकटा, साथीविना, दहा-बारा सेकंद. याला आलाप म्हणू नका, ही एका दमात मारलेली झेप आहे. त्यातली लय पकडता येत नाही, तरी तोल जात नाही. मग 12 बारांची पाच आवर्तनं. पहिल्यात ट्रम्पेट मूळ चाल वाजवतो. दुसऱ्यात ट्रॉम्बोन. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक ओळ वाजवतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांविना गाऊन उत्तर देतो; तुमच्या क्लॅरिनेटवाल्यांनी आणि गाणाऱ्या ताईंनी हे आवर्तन पाठ करावं. चौथ्यात अर्ल हाइन्सचा पियानो. पाचव्यात आर्मस्ट्राँग वरचा एक स्वर धरतो आणि जवळजवळ चार बार, म्हणजे तुमचा एक अख्खा तीनताल, सोडत नाही. सा काळी दोनचा आहे आणि तो धरलेला स्वर पंचम. खाली कॉर्ड, म्हणजे ते स्वरांचे गुच्छ, बदलायला लागतात तरी पंचम जागचा हलत नाही, आणि सोडतो तेव्हा स्वरांची लड खाली येते. पेटीवर काळी दोनचा ब्लूज धरून वर पंचम दाबून ठेवा, प्रत्येक गुच्छावर त्याचा रंग कसा पालटतो ते कळेल.

मग दोन्ही बाजूंना जा. मागे 1923 आणि 1917, पुढे 1939, 1945, 1959. 1917 मधली पहिली छापील जॅझ तबकडी ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड या गोऱ्या वादकांच्या बँडची. पहिली तबकडी त्यांची, म्हणून संगीत त्यांचं असा अर्थ होत नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये 1900 च्या आसपास गाजलेल्या बडी बोल्डनची एकही तबकडी आज नाही. तबकडी म्हणजे पुरावा, अख्खा इतिहास नव्हे.

दुसरी मोठी पोकळी 1942 ते 44. वादकांच्या संघटनेने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेका कंपनीने 1943 मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने नोव्हेंबर 1944 मध्ये. नेमक्या त्याच काळात हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या जागी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. त्यामुळे नुसत्या तबकड्या ऐकणाऱ्याला वाटतं की सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी 1945 मध्ये आकाशातून पडले. पार्करचं 26 नोव्हेंबर 1945 चं 'को-को' पहिल्यांदा ऐकलं की धक्का बसतो, पण त्यामागे चार वर्षांची न नोंदलेली मेहनत आहे. 'को-को'चा कॉर्डचा सांगाडा 'चेरोकी' नावाच्या जुन्या गाण्याचा आहे, वर चाल नवी. बीबॉपवाले हे सर्रास करत. कारण एक सांगीतिक, एक रोकडं : कॉर्डच्या मालिकेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, चालीवर असतो. नवी चाल लावली की मूळ प्रकाशकाला पैसे द्यावे लागत नाहीत.

म्हणून ऐकण्याचा सर्वांत फळणारा मार्ग : एकच बंदिश, अनेक वादक. सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं 11 ऑक्टोबर 1939 चं 'बॉडी अँड सोल' घ्या. 32 बारांची दोन आवर्तनं. पहिले काही बार सोडले तर मूळ चाल तो वाजवतच नाही, सांगाड्यावर नवी इमारत उभी करतो. आधी कुणा गायिकेकडून तेच गाणं शब्दांसह ऐका, मग हॉकिन्स, मग पुढच्या दशकातला कुणीही. यमन पाच जणांकडून ऐकल्यावर यमन कळतो, तसंच.

निपाणी_वाचक

इतिहासाच्या मास्तरांसाठी लिहितो. वर सगळं स्वरांचं झालं, पण ही माणसं कुणाच्या दारातून आत जात होती हे कळल्याशिवाय जॅझ निम्माच कळतो.

न्यू ऑर्लीन्समध्ये गुलामांना रविवारी काँगो स्क्वेअरमध्ये जमून नाचायची, वाजवायची मुभा होती, आणि ती आठवण एकोणिसाव्या शतकात टिकून राहिली. त्याच शहरात फ्रेंच वळणाचे, शिकलेले, स्वरलिपी वाचणारे मिश्रवंशीय क्रिओल लोक होते, ते स्वतःला वेगळे समजत. 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा कायदा उचलून धरला. होमर प्लेसी न्यू ऑर्लीन्सचा क्रिओलच. कायद्याने क्रिओल आणि काळे एकाच रांगेत ढकलले गेले. वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच बँडात आले. जॅझच्या जन्माची कारणं अनेक आहेत, पण हे विसरून चालत नाही.

तिथली अंत्ययात्रा समजून घ्या. स्मशानाकडे जाताना बँड संथ, जड प्रार्थना वाजवतो. मातीला दिल्यावर परतताना तोच बँड उसळत्या लयीत वाजवतो आणि लोक मागून नाचत येतात. आपल्याकडेही हलगी आणि सनई मयतीत आहे, लग्नात आहे, देवाच्या पालखीपुढे आहे, आणि ती वाजवणाऱ्याला पंगतीत कुठे बसवलं जायचं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. दोन्हींचा इतिहास एक नाही, तो तसा जुळवूही नये. पण वाद्य पुढे आणि वादक मागे, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

हार्लेममधल्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा 1927 पासून होता. मंचावर सगळे काळे, गिऱ्हाईक गोरं. रेडिओवरून तो कार्यक्रम देशभर जायचा, त्यामुळे एलिंग्टन घराघरात पोचला, पण त्याच्या शेजारपाजारच्यांना त्या दारातून आत प्रवेश नव्हता. न्यूयॉर्कमध्ये 1940 ते 1967 या काळात दारू विकणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कॅबरे कार्ड लागायचं. अमली पदार्थांच्या प्रकरणात पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड 1951 मध्ये गेलं ते 1957 मध्ये परत मिळालं. सहा वर्षं हा माणूस स्वतःच्या शहरातल्या क्लबात वाजवू शकला नाही. गायिका बिली हॉलिडेचं 1947 मध्ये गेलं. अशा तारखा बाजूला लिहून ठेवा, म्हणजे "या काळात याची मैफल का नाही" हे कोडं सुटतं.

बिली हॉलिडेचं 1939 चं 'स्ट्रेंज फ्रूट' ऐकाच, पण कोरस मोजू नका. दक्षिणेत जमावाने काळ्या माणसांना झाडाला फाशी दिलं त्यावरचं गाणं आहे. कोलंबियाने ते भरायला नकार दिला, म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीकडे गेलं. ऐकून झालं की पुढची तबकडी लगेच लावू नका.

आणि एक दुरुस्ती, कारण ही चूक मराठी लेखांत वारंवार दिसते : "1917 मध्ये स्टोरीव्हिल ही न्यू ऑर्लीन्समधली वेश्यावस्ती बंद झाली आणि वादक बोटीने मिसिसिपीवरून शिकागोला गेले." शिकागो मिसिसिपीवर नाही. लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने गेले, आणि ते वस्ती बंद होण्याआधीपासून जात होते. आर्मस्ट्राँग तर ऑगस्ट 1922 मध्ये गेला. त्याची जन्मतारीखही 4 जुलै 1900 लिहिलेली दिसेल, तो स्वतः तसं सांगायचा. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत 4 ऑगस्ट 1901 आहे.

चोर्लाघाट

एवढं लांब जायचं तर घाट उतरून गोव्याला का जात नाही? बेळगावकरांसाठी जॅझ शेजारच्या अंगणातला आहे.

गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी वाचन पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जायचं. तिथून वादक ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्करी बँडांत, हॉटेलांत, मूकपटांच्या थेटरांत गेले. कोकण रेल्वे 1998 ची, त्याआधी गोव्याहून मुंबईला जाणारी रेल्वे कॅसल रॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशीच होती. बोटीने न जाणारा प्रत्येक ट्रम्पेटवाला आपल्या स्टेशनावरून गेलाय.

1935 मध्ये लिऑन अॅबी आपला आफ्रिकी-अमेरिकी बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच दशकात पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. हा साधा माणूस नव्हे : 1926 मध्ये शिकागोला अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात तो आणि आर्मस्ट्राँग एकाच तबकडीवर वाजलेत. 1945 मध्ये तो कलकत्त्यात वारला. या लोकांच्या शेजारी बसून गोव्याच्या पोरांनी तंत्र उचललं. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट वाजवायचा.

1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या क्लबांचा धंदा बसला आणि वादक स्टुडिओकडे वळले. इथे तुमच्या कानाला ओळखीचं संगीत येतं. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट एकत्र काम करत. 'अलबेला' (1951) मधलं 'शोला जो भडके' लावा आणि आवाज कमी करून फक्त ट्रम्पेट आणि तालाच्या मागचा झोल ऐका. तिथून 'वेस्ट एंड ब्लूज'ला परत जा, पूल सापडेल.

हे वादक संगीतकाराची सरगम ऐकून स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचे, वाद्यमेळ बांधायचे, आणि पडद्यावर नाव यायचं नाही. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावं वहीत लिहून ठेवा. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात जे नाव आहे ते या खऱ्या गोन्साल्विसांचं. प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू.

हिंडलगा_क्लॅरिनेट

बँडातल्या मित्रासाठी. त्यांचा क्लॅरिनेट बी-फ्लॅटचा असणार. त्यावर लिहिलेला सी वाजवला की पेटीवर काळी पाच निघते. म्हणजे पेटीशी जुळवायला कागदावर एक पूर्ण स्वर वर वाचायचा : 'सो व्हॉट'चा सा पेटीवर पांढरी दोन, क्लॅरिनेटवर ई. 'ब'मध्ये पेटी काळी दोन, क्लॅरिनेट एफ. हे न सांगता दोघं "डी धरा" म्हणून सुरू झाले तर पहिल्याच बारात भांडण होतं. ट्रम्पेटही बी-फ्लॅटचाच. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, त्याच्यावर काळी पाचसाठी जी लिहिलेलं असतं.

जॅझमधल्या इतक्या रचना काळी पाच आणि काळी दोनवर का, याचं उत्तर हेच : फुंकून वाजवायच्या वाद्यांना तिथे बोटं सोपी. पेटीवाल्यांनी पांढरी एकवर ब्लूज बसवला की लगेच काळी पाचवर बसवावा. 'काइंड ऑफ ब्लू'मधलाच 'फ्रेडी फ्रीलोडर' हा काळी पाचचाच 12 बारांचा ब्लूज आहे, मोजायला सर्वांत स्वच्छ. फक्त मूळ चालीत शेवटच्या दोन बारांत कॉर्ड सा वर न येता दुसरीकडे जाते, तिथे आपण चुकलो असं समजू नका.

"जॅझ म्हणजे त्यांचा राग" याबद्दल. आयत्या वेळी रचणं दोन्हीकडे आहे, म्हणून ते वाक्य चालतं. पण ते मनात धरून ऐकलं तर चुकीच्या जागी कान जातो. रागात सा स्थिर आणि स्वरांचं नातं हळूहळू उलगडतं. जॅझमध्ये पायाखालची फरशी दर दोन-चार बारांनी सरकते, आणि कसब हे की सरकत्या फरशीवरून एक ओळ अखंड काढायची. आपला कलाकार वाढवत नेऊन सम गाठतो. जॅझवाला अनेकदा तुकड्याचा जोड मुद्दाम ओलांडून जातो, समेवर थांबणं टाळतो. "सम चुकला" वाटतं तिथेच तो सर्वांत हुशारीने वाजवत असतो. आणि साथीदार तिथे साथीला नाही, ड्रमवाला उलट प्रश्न विचारत असतो. चार-चार बार वाटून घेतात तेव्हा मात्र आपल्या सवाल-जवाबासारखं सरळ ऐका, तिथे तबलजींना पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटेल.

कोल्ट्रेनने आपल्या हिंदुस्थानी संगीताचा नीट विचार केला होता. नोव्हेंबर 1961 मध्ये त्याने 'इंडिया' वाजवलं, मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. तिथे फरशी जवळजवळ सरकत नाही. हवा असेल तर तुमचा तानपुरा तिथे लावून बघा.

डेव्ह ब्रूबेकच्या चमूच्या 'टेक फाइव्ह'ला पाच मात्रा : तीन आणि दोन. झपतालाचे दोन-तीन उलटे. तबलजींचा हात पहिल्यांदा दोनवर टाळी मारणारच. एक-दोन-तीन, एक-दोन असं तोंडाने म्हणत राहा. आणि त्यात एकल वादन सुरू झालं की 'अ, ब' शोधू नका. सॅक्सोफोन आणि ड्रम दोघंही एकाच दोन कॉर्डच्या फेऱ्यावर वाजवतात.

खानापूर_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढचा रविवार असा ठरवलाय : अर्धा तास पेटीवर पांढरी एकचा आणि काळी पाचचा ब्लूज, क्लॅरिनेट वर. मग 'वेस्ट एंड ब्लूज' जमेल तितक्या वेळा, एकेकाने एकेक आवर्तन वहीत उतरवायचं. मास्तर 1896 ते 1928 पंधरा मिनिटांत सांगणार. शेवटी 'शोला जो भडके'.

एकच विचारते, तिसऱ्या आवर्तनातलं ते शब्दांविना गाणं सरगममध्ये लिहू की नको?

टिळकवाडी_तबकडी

लिहा, पण ग वर कोमल-शुद्ध काहीच खूण करू नका, नुसता ग लिहून वर एक लहान बाण काढा. आणि आधी गाऊन घ्या, मग लिहा. उलट केलंत तर पेटीतला ग कानात बसतो आणि त्याचा ग निसटतो.